हिशेबनीस लिओ फेंडर आणि एका मिलिमीटरचा फरक



आपल्या या पानावर आजवर जुने वाडे, नाटक मंडळ्या, सीमाभागातल्या शाळा, लग्नातल्या पंगती यांवर पुष्कळ चांगलं वाचायला मिळालं. आज मी जरा वेगळ्या वाटेनं जातोय. विषय आहे बेस गिटार. "आता हे काय नवीन?" असं काहींना वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांच्या खोलीत हे वाद्य भिंतीला टेकून उभं आहे, आणि आपण त्याला नुसतं 'गिटार' म्हणून मोकळे होतो. त्याचा इतिहास मला अलीकडेच नीट वाचायला मिळाला. तो वाचताना एका गोष्टीनं मला खुर्चीत सरळ बसवलं. हे वाद्य जगात रूढ करणारा माणूस वादक नव्हता. तो आपल्यासारखा हिशेब लिहिणारा माणूस होता.

त्याचं नाव लिओ फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे डावा डोळा काढावा लागला, तिथे काचेचा डोळा बसवला. लहानपणापासून रेडिओ उघडून बघायचा नाद. पण कॉलेजात शिकला काय, तर अकाउंटन्सी. पुढे बर्फ पुरवणाऱ्या एका कंपनीत हिशेबनीस झाला, नंतर महामार्ग खात्यात हिशेबाचंच काम केलं. १९३० नंतरच्या महामंदीत नोकरी गेली. तेव्हा ६०० डॉलर उसने घेऊन त्यानं १९३८ मध्ये फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातले वादक आपले अॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे, त्यांच्या तक्रारी हा ऐकायचा. त्यातूनच तो वाद्यांकडे वळला. आणि गंमत म्हणजे, त्याला गिटार शेवटपर्यंत वाजवता आली नाही.

मी स्वतः बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्त जवळीक वाटली हे लपवत नाही. पण नुसतं तेवढ्यासाठी हा लेख नाही. त्यानं केलेल्या वाद्यात एक दोष निघाला तर तो कसा शोधायचा, हे मला गिटारवाल्यांपेक्षा लेजरनं आधी शिकवलेलं होतं. ते पुढे सांगतो. आधी वाद्याची गोष्ट.

१९५० च्या आधी कुठल्याही पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालचे, खर्जातले सूर देण्याचं काम 'डबल बेस' करायचा. व्हायोलिनच्याच जातीचा, पण माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचा. आपल्या शेजारी गोव्यात त्याला 'रबेकांव' म्हणतात, मूळ पोर्तुगीज शब्द. या वाद्याच्या तीन अडचणी. एक, ते नेणं-आणणं म्हणजे घरातलं कपाट हलवण्यासारखं. दोन, ट्रंपेट आणि ड्रम सुरू झाले की त्याचा आवाज बुडून जायचा. तीन, त्याला पडदे नसतात. म्हणजे सतारीला जसे पडदे असतात आणि बोट त्यामागे ठेवलं की सूर नेमका लागतो, तसं इथे नाही. सारंगीसारखा सगळा भार कानावर. अंगठ्याएवढं बोट सरकलं की सूर गेला.

विजेवर चालणारी, आडवी धरायची बेस त्याआधी कुणीच केली नव्हती असं नाही. सिअॅटल शहरात पॉल टटमार्क या माणसानं १९३० नंतरच्या दशकात तशी केली होती. पण ती चालली नाही. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये जी बाजारात आणली ती मात्र चालली. चार तारा, ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावणारी. तारेची लांबी ३४ इंच. आणि दांडीवर पडदे. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून त्यानं नाव दिलं 'प्रिसिजन बेस'. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. हिशेबनिसानं ठेवलेलं नाव आहे, लगेच कळतं!

आता 'पिकअप' म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. तारांच्या खाली बॉडीवर जो काळा डबा दिसतो तो पिकअप. त्यात लहान लहान चुंबक आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. तीच अॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेनं जो नियम शोधला, ज्यावर आपल्या घरात येणारी वीज तयार होते, तोच हा नियम. म्हणजे बेस गिटारमध्ये आवाज लाकडाच्या पोकळीतून येत नाही. तार नेमकी चुंबकावरून जाते की नाही, याला म्हणून महत्त्व.

पहिल्या प्रिसिजन बेसमध्ये प्रत्येक तारेखाली एक चुंबक होता. १९५७ मध्ये फेंडरनं ते बदललं. पिकअपचे दोन तुकडे केले, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. जाड दोन तारांना एक तुकडा, बारीक दोन तारांना दुसरा. आणि प्रत्येक तारेला एकाऐवजी दोन चुंबक, तार त्या दोघांच्या बरोबर मधून जाईल अशी. त्यामुळे तार छेडल्यावर पहिला ठोका कर्कश न येता गोल येतो.

पण खरी हुशारी दुसरीच आहे. पिकअपला एक खोड असते. आजूबाजूच्या दिव्यांची, पंख्यांची, वायरिंगची घरघर तो उचलतो. फेंडरच्या या पिकअपमध्ये एका तुकड्याचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट ठेवलेले आहेत. बाहेरची घरघर दोन्ही तुकड्यांत सारखीच शिरते, पण एकात जमेच्या बाजूला आणि दुसऱ्यात नावेच्या बाजूला. बेरीज शून्य! तारेचा सूर मात्र एकाच तुकड्यात उमटतो, कारण ती तार एकाच तुकड्यावरून जाते, म्हणून तो शिल्लक राहतो. ज्यानं आयुष्यात एकदा तरी ट्रायल बॅलन्स जुळवला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फेंडरनं डबल एन्ट्री डोक्यात ठेवून हे केलं असा माझा दावा नाही, पण मला तरी ते वाचताना जमाखर्चाची वहीच दिसली.

१९६० मध्ये 'जॅझ बेस' आली. तिची दांडी नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपाशी, अरुंद आणि पिकअप दोन. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरनं आपली कंपनी सी. बी. एस. या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढेही त्यानं नवी वाद्यं करणं सोडलं नाही. १९९१ मध्ये तो गेला. आज जगात कुठल्याही कारखान्यात बनणारी बेस पाहिली तर आकार, तारेची लांबी, पिकअपची जागा यांत त्याचीच बहुतेक नक्कल असते.

वाजवणाऱ्यांचं नशीब मात्र वेगळं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमर्सन नावाच्या कृष्णवर्णीय कलाकाराची बेस आहे. उजव्या हाताच्या एकाच बोटानं तो वाजवायचा. पण कंपनीच्या रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसत. त्याचं नाव छापून आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या अल्बमवर. आपल्याकडच्या हिंदी सिनेमातही हेच. गोव्यातून मुंबईला गेलेल्या वादकांनी स्टुडिओ भरून टाकले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे गुरू आणि अरेंजर. त्यांचं नाव देशाला ठाऊक झालं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, कारण संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत खालून चालणारी जी बेस आपण नकळत पायानं धरतो, ती वाजवणाऱ्यांत टोनी वाझ होते. किती जणांना हे नाव माहीत आहे?

आपल्या बेळगावला हे सगळं फार लांबचं नव्हतं. गोवा घाटाखाली. कॅम्पातल्या लग्नांना, सणांना गोव्याकडचे बँड यायचे. पण आपल्या मराठी घरांचे कान दुसरीकडे लागलेले. एका बाजूला धारवाड-हुबळीचे गायक, दुसऱ्या बाजूला मिरज. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा. आणि तंबोरा घ्यायचा तर मिरजेचाच. आमच्या घरी आईचा तंबोरा होता, अजून आहे, तो मिरजेचाच.

मिरजेच्या या कारागिरीचा इतिहास फेंडरच्या गोष्टीशेजारी ठेवून बघा. मिरजेत तंतुवाद्यं करायला सुरुवात करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं करणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम बसलं. मिरज संस्थानात गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्यं दुरुस्तीला यायची. लोखंडावर बसलेला हात लाकडावर आणि भोपळ्यावर वळला. एकाची हिशेबाची नोकरी मंदीत गेली, दुसऱ्याचा हत्यारांचा धंदा राजवट बदलल्यावर गेला. दोघंही दुरुस्तीच्या वाटेनं वाद्याकडे आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण सगळ्यांनी वाचलं असेलच.

पण दोन्ही वाद्यांत एक मोठा फरक आहे. तंबोऱ्याची दांडी भोपळ्याला कायमची जोडलेली, सरसानं चिकटवलेली. कारागीर एकेक वाद्य हातानं जुळवतो, घोडी घासून घासून जवारी काढतो. पुढे काही बिनसलं तर वाद्य घेऊन त्याच्याकडेच जायचं. फेंडरला कारखाना काढायचा होता. त्यानं दांडी वेगळी, बॉडी वेगळी अशी केली. बॉडीत एक चौकोनी खाच, त्यात दांडीचं बूड बसवायचं आणि मागून चार स्क्रू मारायचे. दांडी खराब झाली तर बदलून टाका. संगीतवाल्यांनी नाकं मुरडली, पण किंमत खाली आली आणि वाद्य सामान्य माणसाच्या हातात पडलं.

या चार स्क्रूंमुळेच आजच्या कारखान्यात एक दोष शिरतो, आणि या चार स्क्रूंमुळेच तो घरच्या घरी निघतोही. आता आमच्या घरचं प्रकरण सांगतो.

माझी नात इंजिनिअरिंगला आहे. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिनं बेस मागवली. प्रिसिजनच्या घडणीची, एका कंपनीची, नवी कोरी. आठ दिवसांनी कॉलेजात कार्यक्रम. खोकं उघडल्यावर तासाभरातच ती माझ्याकडे आली. "आजोबा, पिकअप वाकडा बसलाय बघा की. तारा चुंबकांच्या मधून जातच नाहीयेत."

खरंच होतं. चारही तारा आपल्या दोन चुंबकांच्या मधोमध न जाता साधारण एक मिलिमीटर बारीक तारेच्या बाजूला सरकलेल्या. ज्या दुकानातून घेतली तिथला माणूस म्हणाला, "घेऊन या, पिकअप काढून बाजूला सरकवून देतो, नवीन भोकं पाडावी लागतील." परत पाठवायची तर बदली यायला तीन आठवडे. नातीचा जीव वरखाली. स्वतःच्या कमाईची पहिली मोठी वस्तू, तिला भोकं पाडायची?

मी म्हटलं, थांब. आधी फरक मोजू.

इथे मला बँकेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७० नंतरच्या त्या काळात सगळं हातानं. सहामाहीला लेजरची बेरीज आणि जनरल लेजर जुळवायला रात्रीचे अकरा वाजायचे. फरक आला की नवखा कारकून पहिल्या पानापासून टिका मारत बसायचा. आमचे एक जुने अकाउंटंट साहेब तसं करू देत नसत. ते आधी नुसता फरकाचा आकडा बघत. फरकाला ९ नं भाग जातो? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ८४० च्या जागी ४८० लिहिलं की फरक ३६०, त्याला ९ नं भाग जातो. जात नाही आणि फरक सम आहे? मग त्याचा निम्मा कर आणि ती रक्कम शोध, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट होतो. फरक कुठे आहे ते फरकाचा आकडाच सांगतो, हे त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यात वाईट काय, तर जुळत नाही म्हणून रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून मोकळं होणं. पिकअपला नवीन भोकं पाडणं म्हणजे मला सस्पेन्स खातं वाटलं. जिथे फरक दिसतोय तिथेच दाबून टाकायचा, झाला कुठे ते बघायचं नाही.

बेसची तार म्हणजे दोन टोकांमध्ये ताणलेली सरळ रेषा. एक टोक खुंट्यांकडचा नट. दुसरं टोक ब्रिज, म्हणजे आपली घोडी. पिकअप नुसता खाली बसून आहे. म्हणून तार चुंबकावरून चुकीची जात असेल तर तीनच शक्यता. दांडी तिरकी, ब्रिज सरकलेला, किंवा पिकअपच चुकीच्या जागी. यातलं कुठलं ते ओळखायला आपलं शाळेतलं त्रैराशिक पुरतं.

तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. पिकअप ब्रिजपासून साधारण १५० मिलिमीटरवर, म्हणजे लांबीच्या एक षष्ठांशावर. विसावा, शेवटचा पडदा ब्रिजपासून साधारण २७२ मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे एक तृतीयांशावर. आता नट ६ मिलिमीटर बाजूला गेला असेल तर शेवटच्या पडद्यावर तारा २ मिलिमीटर सरकतील आणि पिकअपवर फक्त १. उलट ब्रिज २ मिलिमीटर सरकलेला असेल तर शेवटच्या पडद्यावर त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जरा वर, आणि पिकअपवर पाच षष्ठांश, म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर.

म्हणून नियम असा निघतो:

शेवटच्या पडद्यावर फरक जास्त आणि पिकअपवर त्याच्या निम्मा, तर दांडी तिरकी आहे.

पिकअपवर फरक जास्त आणि शेवटच्या पडद्यावर थोडा कमी, तर ब्रिज सरकलेला आहे.

पडद्यांवर सगळं समान आणि फरक नुसता पिकअपवर, तर आणि तरच पिकअपची जागा चुकली आहे.

आम्ही पट्टी आणि भिंग घेऊन बसलो. शेवटच्या पडद्यावर जाड तारेपासून दांडीच्या कडेपर्यंत साडेपाच मिलिमीटर. बारीक तारेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड मिलिमीटर. दोघांतला फरक ४, त्याचा निम्मा २. (एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं की फरक दुप्पट दिसतो. अकाउंटंट साहेब आठवले.) म्हणजे तारा पडद्यांवर २ मिलिमीटर सरकलेल्या आणि पिकअपवर १. निकाल लागला. पिकअप बिचारा आपल्या जागी बरोबर होता. दांडी तिरकी होती.

खात्रीसाठी अजून एक तपासणी. दांडीवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या पडद्यांच्या घरात मधोमध ठिपके असतात. मधल्या दोन तारा प्रत्येक ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हव्यात. नटजवळ त्या होत्या, पण वरच्या पडद्यांकडे जाता जाता ठिपके एका तारेच्या जवळ सरकत गेलेले. आणि बॉडीच्या खाचेत बघितलं तर दांडीच्या एका बाजूला फट. माझं एटीएम कार्ड त्यात सहज शिरलं. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर. एवढीशी फट, पण खाच नऊ-दहा सेंटिमीटर लांब आणि पुढे दांडी साठ सेंटिमीटर. बुडाशी पाऊण-एक मिलिमीटरचा सैलपणा टोकाला सहा मिलिमीटर होतो. तरफेचा हिशेब.

दुरुस्ती वीस मिनिटांची. तारा अर्धवट ढिल्या केल्या, पूर्ण सोडल्या नाहीत, म्हणजे रेषा दिसत राहते. मागचे चार स्क्रू फक्त अर्धा-अर्धा फेरा सैल केले. नातीनं बॉडी मांडीत घट्ट धरली, मी खुंट्यांकडचं टोक जाड तारेच्या दिशेनं बेतानं ओढलं. 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि दांडी खाचेत सरळ बसली. तशीच धरून स्क्रू आवळले, समोरासमोरचे आळीपाळीनं, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. तारा पुन्हा सुरात लावल्या आणि मोजलं. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन. पिकअपकडे पाहिलं तर चारही तारा आपापल्या चुंबकांच्या मधून. त्याला हातही लावावा लागला नव्हता!

नात म्हणाली, "दुकानात भोकं पाडली असती तर?" मी म्हटलं, "तर पिकअप जुळला असता आणि दांडी तिरकीच राहिली असती." नुकसान तिथेच होतं. खरं सांगायचं तर पिकअपवरच्या एका मिलिमीटरनं आवाजात फारसा फरक पडत नाही. तारेच्या दोन बाजूंना दोन चुंबक ठेवण्याची फेंडरची रचना इतकी क्षमाशील आहे की कानाला कळलंही नसतं. पण बारीक तार दांडीच्या कडेपासून दीड मिलिमीटरवर असेल तर वरच्या पडद्यांवर बोट दाबताना ती कडेवरून खाली घसरते आणि सूर मरतो. तो दोष वाजवताना नडला असता, आणि डोळ्याला दिसत होता तो मात्र पिकअपवरचा.

ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. फरक ब्रिजचा निघाला तर जुनी भोकं कठीण लाकडानं बुजवून नवी पाडावी लागतात, ते जाणत्या कारागिराकडेच द्या. फरक खरोखर पिकअपचाच असेल तर स्क्रूच्या जुन्या भोकांत टूथपिक आणि सुतारकामाचा गोंद भरून, वाळल्यावर नवी बारीक भोकं पाडता येतात. तिथे वायरला ताण बसू देऊ नका. आणि वॉरंटी असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी कंपनीला फोटो पाठवून लेखी विचारा. आम्ही विचारलं होतं, त्यांनी हरकत घेतली नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून महिन्याभरानं पुन्हा एकदा मोजून बघा.

आता थोडं मोठ्या हिशेबाचं. आपल्या पिढीची एक तक्रार असते, की हल्लीची मुलं काही दुरुस्त करत नाहीत, बदलून मागतात. मला वाटतं, त्यात मुलांचा दोष कमी आहे. वस्तू कशी बांधली आहे हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. मिरजेच्या कारागिराच्या घरी मूल बापाशेजारी बसून घोडी घासायला शिकतं. लिओ फेंडर लोकांचे रेडिओ उघडून शिकला. आम्ही अकाउंटंट साहेबांच्या टेबलाशी उभं राहून शिकलो. माझ्या नातीला गिटारमधलं माझ्यापेक्षा शंभरपट कळतं, पण फरकाचा आकडा वाचायची रीत तिला माहीत नव्हती. तिच्याकडे वाद्य होतं आणि माझ्याकडे रीत. ती रीत बँकेतली असली म्हणून बिघडलं नाही. आमच्या ब्रँचमधले ते हातानं लिहिलेले लेजर केव्हाच संगणकात गेले. नव्वदच्या दशकानंतर लागलेल्या पोरांना ९ चा नियम ठाऊकही नसेल, कारण मशीन फरक येऊच देत नाही. मला वाटलं होतं, ही विद्या आमच्याबरोबरच संपणार. पण ती सरळ रेषेला लागू पडते, तारेला लागू पडते. अजून कशाकशाला पडत असेल कोण जाणे.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. फेंडरनं नव्या वाद्याचं नाव 'अचूक' ठेवलं, पण वाद्य असं बांधलं की चुकलं तर उघडून सरळ करता यावं. मला यातच त्याच्यातला हिशेबनीस दिसतो. चांगला हिशेबनीस चूक होणारच नाही असं कधी धरून चालत नाही. चूक झाली तर ती सापडेल अशी वही तो मांडतो.

आपल्या या पानावर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, गोवा असे सगळीकडचे लोक आहेत. प्रत्येक गावात कुणीतरी हार्मोनियम जुळवणारा, घड्याळ लावणारा, शिवणयंत्र सुरू करून देणारा माणूस असायचा. वस्तूकडे एकदा बघून 'दोष इथे दिसतोय पण आहे तिथे' असं सांगणारा. तुमच्या गावात तो कोण होता? फरक ओळखायची त्याची काय युक्ती होती? आठवत असेल तर खाली जरूर लिहा. आपण लिहिली नाही तर ती युक्ती कुठल्याच वहीत जमा व्हायची नाही.

— एक निवृत्त बँकवाला, बेळगाव